वाचणारे अनेक, लिहिणारा एक: एसक्यूलाइटमध्ये ‘डेटाबेस लॉक्ड’ का येतं?

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटच्या पुढे कासार आंबोली लागतं. मुळशी तालुक्यातलं हे गाव अनेकांना मुलींच्या सैनिकी शाळेमुळे माहीत असतं. पुणे हाकेच्या अंतरावर आल्यापासून अशा गावांमधले सातबारे सतत कोणी ना कोणी बघत असतं. कर्ज देणारी बँक, प्लॉट शोधणारं कुटुंब, वकील, एजंट आणि अर्थातच शेतकरी स्वतः. त्याच सातबाऱ्यांवर नोंदीही चढत असतात. वारस लागतात, खरेदीखतं होतात, बोजा चढतो आणि उतरतो.

म्हणजे कागद एक, बघणारे अनेक आणि त्याच वेळी त्यात बदल करणारा कोणीतरी. बदल अर्धवट झालेला असताना बघणाऱ्याला काय दिसायला हवं? त्याने थांबायचं की जुनी नोंद बघून जायचं?

डेटाबेस बनवणाऱ्यांसमोर पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न आहे. महसूल खात्याने कागदावर त्याचं जे उत्तर काढलं, त्याच्याशी बरंच जुळणारं उत्तर जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसने २०१० मध्ये स्वीकारलं. त्या डेटाबेसचं नाव एसक्यूलाइट.

खिशातला डेटाबेस

नाव ओळखीचं नसलं तरी एसक्यूलाइट प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, प्रत्येक आयफोनमध्ये आहे. फायरफॉक्स आणि क्रोममधली ब्राउझिंग हिस्टरी त्यातच साठते. व्हॉट्सॲपचे मेसेज फोनमध्ये साठतात, तेही एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये. आज वापरात असलेल्या एसक्यूलाइट डेटाबेसची संख्या एक लाख कोटींच्या वर असावी, असा तो बनवणाऱ्यांचा अंदाज आहे.

हा डेटाबेस लिहिला डी. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने. पहिली आवृत्ती ऑगस्ट २००० मध्ये आली. हिप तेव्हा जनरल डायनॅमिक्स या कंपनीसाठी अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका सॉफ्टवेअरचं काम करत होते. ते सॉफ्टवेअर माहितीसाठी वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर अवलंबून होतं. सर्व्हर बंद पडला की चांगलं चालणारं सॉफ्टवेअरही ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ म्हणून हात वर करायचं. मग मधला सर्व्हरच काढून टाकला तर? प्रोग्रामने थेट डिस्कवरच्या एका फाइलमधून वाचावं, तिथेच लिहावं. एसक्यूलाइटची सगळी कल्पना एवढीच. (हिप स्वतः या नावाचा उच्चार एखाद्या खनिजासारखा, ‘एस-क्यू-एल-आइट’ असा करतात. बाकी जग मात्र आपल्या सोयीने बोलतं.)

‘हलका’ डेटाबेस म्हणतात तो याच अर्थाने. वेगळा सर्व्हर चालू ठेवावा लागत नाही, पासवर्ड नाही, देखभालीला माणूस नाही. एक फाइल असते, ती पेन ड्राइव्हवर घेता येते. त्याचा सोर्स कोडही कोणाच्या मालकीचा नाही, तो सार्वजनिक केलेला आहे.

मात्र मधला सर्व्हर गेला, तसा मधला पंचही गेला. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारख्या मोठ्या डेटाबेसमध्ये सर्व्हर हा पंच असतो. कोणी आधी लिहायचं, कोणी थांबायचं, हे तो ठरवतो. एसक्यूलाइटमध्ये एकाच फाइलवर आलेल्या सगळ्या प्रोग्रामना हे आपापसात ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्यांच्याकडे साधन एकच आहे: फाइलवर लावायचं कुलूप, म्हणजे लॉक.

आधीची पद्धत: मूळ कागदावरच खाडाखोड

एसक्यूलाइटच्या मूळ पद्धतीला ‘रोलबॅक जर्नल’ म्हणतात. समजा, फाइलमधलं एक पान बदलायचं आहे. तर आधी त्या पानाची जुनी प्रत बाजूच्या फाइलमध्ये काढून ठेवायची आणि मग मूळ पानावर नवा मजकूर लिहायचा. काम नीट पार पडलं की बाजूची प्रत फेकून द्यायची. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी फाइल उघडताना ती जुनी प्रत परत मूळ जागी बसवायची.

पद्धत सुरक्षित आहे. अडचण लिहिण्याच्या त्या क्षणाची आहे. मूळ पानावर खाडाखोड चालू असताना कोणाला वाचू दिलं, तर त्याला अर्धं जुनं आणि अर्धं नवं दिसेल. म्हणून त्या वेळी वाचणाऱ्यांना बाहेर थांबावं लागतं. उलट बाजूने, कोणी वाचत बसलेला असेल तर लिहिणाऱ्याला थांबावं लागतं, कारण वाचणाऱ्याच्या हातातलं पान काढून घेता येत नाही.

याला एसक्यूलाइटने चार पायऱ्यांची कुलपं केली आहेत. वाचणारे ‘शेअर्ड’ कुलूप घेतात, ते एकाच वेळी कितीही जणांना मिळतं. लिहिणारा आधी ‘रिझर्व्ह्ड’ घेतो, म्हणजे ‘मला लिहायचं आहे, तयारी करतोय, तुमचं वाचन चालू द्या’. तयारी झाली की ‘पेंडिंग’: आत आहेत त्यांनी आपलं संपवावं, नवीन कोणी आत येऊ नये. सगळे बाहेर पडले की ‘एक्स्क्लुझिव्ह’, आणि मग प्रत्यक्ष लिहिणं.

खरी गोची ‘पेंडिंग’ला होते. आत एखादा वाचणारा लांबलचक काम घेऊन बसला असेल, तर लिहिणारा दाराशी अडकतो आणि त्याच्यामुळे नवे वाचणारेही. एक जण निवांत वाचतोय आणि बाहेर सगळी रांग तुंबली आहे, असं चित्र तयार होतं.

दुधाच्या केंद्रावर काय होईल?

हे किती खऱ्या अडचणीचं आहे ते बघायला गावातलंच एक उदाहरण घेऊ. एखादं दूध संकलन केंद्र आहे असं धरा. एक संगणक, त्याला जोडलेला वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र. सकाळच्या दोन तासांत दोनशे जण दूध घालतात. प्रत्येकाची एक नोंद: खातं क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. नोंद झाली की पावती छापून हातात.

दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. दोनशे नोंदी म्हणजे दर ३६ सेकंदांना एक. संगणकाच्या हिशेबात हे जवळजवळ रिकामं बसणं आहे. एक नोंद डिस्कवर लिहायला काही हजारांश सेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरही एका सेकंदात अशी डझनावारी कामं होतात.

तरीही हे सॉफ्टवेअर अडकू शकतं. दहा दिवसांचं बिल काढायची तारीख आहे, म्हणून त्याच संगणकावर दुसऱ्या खिडकीत सगळ्या उत्पादकांचा हिशेब चालू केला. त्या प्रोग्रामने फाइल वाचायला घेतली आणि एकेक बिल प्रिंटरकडे पाठवत असताना वाचन बंदच केलं नाही. आता काट्यावरची नोंद ‘पेंडिंग’ला अडकणार. पडद्यावर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येणार. आणि किटली घेऊन उभ्या माणसाला पावती मिळणार नाही. नोंदच झाली नाही, तर दहा दिवसांनी बिलातून तेवढं दूध गायब.

अशा वेळी दोष बहुतेकदा डेटाबेसच्या माथी मारला जातो. ‘एसक्यूलाइट हलकं आहे, जास्त लोड झेपत नाही, मोठा डेटाबेस घ्या’ हा सल्ला लगेच मिळतो. पण इथे लोड दर ३६ सेकंदांना एक नोंद इतकाच आहे. किती जण लिहितायत यापेक्षा एकेक जण कुलूप किती वेळ धरून ठेवतोय, यावर एसक्यूलाइटचा वेग ठरतो. बहुतेक तक्रारींची मुळं तिथेच सापडतात.

फेरफार नोंदवहीची पद्धत

आता परत सातबाऱ्याकडे. जमिनीची खरेदी झाली की तलाठी (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) थेट सातबाऱ्यावर नाव बदलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे आधी नोंद होते ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. तिथे प्रत्येक नोंदीला ओळीने क्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर त्याचा अंमल दिला जातो.

या सगळ्या काळात सातबारा बघणारा अडत नाही. त्याला सातबारा मिळतो, सुसंगत मिळतो, अर्धवट खोडलेला मिळत नाही. बदल दुसऱ्या वहीत, क्रमाने, एकाखाली एक साठत असतात.

एसक्यूलाइटच्या जुलै २०१० मध्ये आलेल्या ३.७.० या आवृत्तीने हेच केलं. या पद्धतीला ‘राइट-अहेड लॉग’ म्हणतात. मूळ फाइलला हात लावायचाच नाही. बदललेलं पान बाजूच्या लॉग फाइलच्या शेवटी जोडायचं. व्यवहार पूर्ण झाला की तिथेच ‘पूर्ण’ अशी खूण करायची. लॉग पुरेसा भरला की त्यातली पानं मूळ फाइलमध्ये नेऊन बसवायची. या शेवटच्या कामाला ‘चेकपॉइंट’ म्हणतात. सातबाऱ्याच्या भाषेत, अंमल देणं. काही वेगळं सांगितलं नसेल तर लॉगमध्ये साधारण १,००० पानं जमली की चेकपॉइंट आपोआप होतो. एक पान सहसा ४,०९६ बाइट्सचं, म्हणजे लॉग साधारण चार एमबीचा झाला की.

फायदा उघड आहे. लिहिणारा लॉगच्या शेवटी जोडत राहतो, वाचणाऱ्याच्या पानाला तो धक्का लावत नाही. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. दुधाच्या केंद्रावर बिलं छापली जात असताना काट्यावरच्या नोंदी होत राहतात.

पण मग वाचणाऱ्याला कोणती माहिती दिसते? तो वाचायला सुरुवात करतो तेव्हा लॉगमधली शेवटची ‘पूर्ण’ खूण कुठे आहे ते टिपून ठेवतो. एखादं पान हवं असेल तर आधी लॉगमध्ये, त्या खुणेच्या अलीकडे बघतो. तिथे नसेल तर मूळ फाइलमध्ये. खुणेच्या पुढे नंतर काय जोडलं गेलं, याच्याशी त्याला घेणं नसतं. त्याचं वाचन संपेपर्यंत जग त्या क्षणी गोठलेलं राहतं. त्यामुळे सकाळी सातला सुरू झालेल्या बिलात सात वाजून पाच मिनिटांची नोंद येणार नाही, पण आलेला हिशेब आतून जुळेल.

सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यातही याच्या जवळ जाणारी सोय आहे. २०२० मध्ये महसूल विभागाने सातबाऱ्याचं रूप बदललं, तेव्हा त्यावर शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीख दिसू लागली, प्रलंबित फेरफारही दिसू लागले. उतारा कोणत्या क्षणापर्यंतचा आहे हे त्यावरूनच कळतं.

उपमा एका जागी तुटते, ते सांगायला हवं. फेरफार नोंदवहीत चढलेली नोंद प्रमाणित होईपर्यंत अंतिम नसते. एसक्यूलाइटच्या लॉगमध्ये ‘पूर्ण’ खूण पडली की व्यवहार झालाच. चेकपॉइंट व्हायचा बाकी असला तरी नवा वाचणारा तो बदल लगेच बघतो. मंडळ अधिकाऱ्याच्या सहीसाठी थांबणं इथे नाही.

पण लिहिणारा एकच

राइट-अहेड लॉगबद्दलचा एक गैरसमज सॉफ्टवेअरवाल्यांमध्येही आढळतो. एकाच वेळी अनेक जण लिहू शकतील, असं यात होत नाही. लॉगच्या शेवटी जोडायचं तर शेवट एकच आहे, म्हणून पेन एका वेळी एकाच्याच हातात. दुसऱ्याने थांबायचं.

किती वेळ थांबायचं? मूळ एसक्यूलाइटचं उत्तर धक्कादायक आहे: अजिबात नाही. काही सांगितलं नसेल तर कुलूप दिसताच ते ‘बिझी’ असा एरर देऊन मोकळं होतं. ‘बिझी टाइमआउट’ नावाची एक सेटिंग आहे, त्यात पाच सेकंद असं काही सांगितलं तर तेवढा वेळ ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. पायथनसारख्या काही भाषा ही पाच सेकंदांची वाट स्वतःहून लावून देतात, काही देत नाहीत. त्यामुळे तोच डेटाबेस एका प्रोग्राममधून बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्यातून सारखा अडकतो, असंही होतं. ‘लॉक्ड’च्या बऱ्याचशा तक्रारी या एका ओळीने मिटतात.

सगळ्या मात्र मिटत नाहीत. एक प्रकार असा आहे की टाइमआउट कितीही वाढवला तरी एरर लगेच येतो, आणि लोक त्यात चक्रावतात. प्रोग्राम आधी वाचतो, मग त्या माहितीच्या आधारे काही ठरवतो आणि त्याच व्यवहारात लिहायला जातो. मधल्या वेळात दुसऱ्या कोणीतरी लिहून टाकलेलं असतं. आता पहिल्याच्या हातात आहे तो जुना उतारा. जमीन घेणारा शहाणा माणूस सहा महिन्यांपूर्वीच्या उताऱ्यावर व्यवहार करत नाही, ताजा मागतो, कारण मध्ये एखादा फेरफार झालेला असू शकतो. एसक्यूलाइटही तेच करतं. जुन्या चित्रावर नवं लिहू देत नाही आणि थांबायलाही सांगत नाही, कारण थांबून जुनं चित्र नवं होणार नसतं. उपाय हा की लिहायचं आहे हे व्यवहाराच्या सुरुवातीलाच जाहीर करायचं. त्यासाठी ‘बिगिन इमिजिएट’ अशी सूचना आहे. मग पेन आधी हातात येतं, वाचन नंतर होतं, आणि रांगेत थांबायची मुभाही मिळते.

वेग नेमका कुठे जातो

एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीत एक आकडा वर्षानुवर्षं दिलेला आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. साध्या डेस्कटॉपवर एसक्यूलाइट सेकंदाला ५०,००० किंवा जास्त नोंदी घालू शकतं. पण व्यवहार मात्र सेकंदाला काही डझनच.

हा विरोधाभास वाटतो, पण कारण सोपं आहे. प्रत्येक व्यवहाराच्या शेवटी डेटा खरोखर डिस्कवर पोचला की नाही, याची खात्री होईपर्यंत एसक्यूलाइट थांबतं. मिनिटाला ७,२०० फेरे फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर एका व्यवहाराला साधारण दोन पूर्ण फेरे लागतात. सेकंदाला १२० फेरे, म्हणजे सुमारे ६० व्यवहार. खर्च लिहिण्याचा नसून खात्री करून घेण्याचा आहे. म्हणून हजार नोंदी हजार वेगवेगळ्या व्यवहारांत घातल्या तर सोळा-सतरा सेकंद जातात, आणि त्याच एका व्यवहारात बांधल्या तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतात. गावातून तालुक्याला दहा कामं असतील तर माणूस दहा वेळा पौडला जात नाही.

एसएसडी आल्यापासून हे आकडे खूप सुधारले. राइट-अहेड लॉगमध्येही खात्रीचा खर्च कमी होतो, कारण फाइलमध्ये इकडेतिकडे उड्या न मारता एकाच टोकाला सलग लिहायचं असतं. शिवाय ‘नॉर्मल’ नावाची सेटिंग ठेवली तर प्रत्येक व्यवहारानंतर खात्री करून घेतली जात नाही, ती चेकपॉइंटच्या वेळी होते. वेग बराच वाढतो. मोबदल्यात वीज अचानक गेली तर शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात. फाइल खराब होत नाही, पण पावती हातात असलेली नोंद वहीत नसेल. ब्राउझिंग हिस्टरीला हे चालतं. पैशांच्या नोंदीला चालतं का, हे ज्याचे पैसे आहेत त्याला विचारून ठरवलेलं बरं.

वाचनाच्या वेगालाही एक पथ्य आहे. कोणी वाचणारा आपली जुनी खूण धरून तासन्‌तास बसला, तर चेकपॉइंट त्या खुणेच्या पुढे सरकू शकत नाही आणि लॉग पुन्हा सुरुवातीपासून वापरता येत नाही. तो वाढत जातो. चार एमबीचा लॉग चारशे एमबीचा झाल्याची उदाहरणं असतात. लॉग जितका लांब, तितकं प्रत्येक वाचणाऱ्याला पान शोधणं महाग. फेरफार प्रलंबित राहत गेले की सातबारा वाचणं जसं किचकट होतं, तसंच. म्हणजे दूध केंद्रातला तो बिलं छापणारा प्रोग्राम आता कोणाला अडवत नाही, पण सगळ्यांना हळू मात्र करू शकतो. त्याने आकडे वाचून घ्यावेत, वाचन बंद करावं आणि मग प्रिंटरकडे वळावं.

मग राज्याचा कारभार यावर का चालत नाही?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी यासाठी चांगलं उदाहरण आहे. शेतकरी शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, माहिती भरतो आणि ती गाव नमुना १२ पर्यंत पोचते. डोंगराळ मुळशीत नेटवर्क जाणं-येणं रोजचंच, त्यामुळे माहिती आधी फोनमध्ये भरून रेंज मिळाल्यावर पाठवण्याची सोय महत्त्वाची ठरते.

या प्रवासाचे दोन टप्पे आहेत आणि दोघांची गरज अगदी वेगळी आहे. फोनमध्ये लिहिणारा एकच, वाचणाराही तोच. अँड्रॉइडवर अशा कामासाठी एसक्यूलाइट आयतं बसवलेलं असतं आणि ते पुरून उरतं. दुसऱ्या टोकाला, मुदत संपत आली की राज्यभरातले शेतकरी एकाच वेळी नोंदी पाठवतात. तिथे एक फाइल, एक पेन ही व्यवस्था कामाची नाही. सर्व्हरवाल्या मोठ्या डेटाबेसमध्ये कुलूप एकेका ओळीला लावता येतं. कासार आंबोलीच्या गटाची नोंद होत असताना लातूरची अडत नाही. एसक्यूलाइटमध्ये कुलूप सगळ्या फाइलला.

यावर एक तोडगा आहे, आणि तोही जुन्या दप्तरात सापडतो. संगणक येण्याआधी प्रत्येक गावाची फेरफार नोंदवही वेगळी होती. एका गावच्या वहीत नोंद चालू आहे म्हणून शेजारच्या गावचं पेन थांबत नव्हतं. एसक्यूलाइट वापरणाऱ्या काही सेवा असंच करतात: एका ग्राहकाला एक फाइल. प्रत्येक फाइलला लिहिणारा एक असला तरी फाइली हजारो. तोटाही जुनाच आहे. संपूर्ण तालुक्याचा एकत्रित आकडा हवा असेल तर सगळी दप्तरं उघडायला लागतात.

नेटवर्कवरून तीच फाइल चार संगणकांनी उघडण्याचा मोह मात्र टाळावा. छोट्या ऑफिसात शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल ठेवून सगळे तिथूनच काम करतात. राइट-अहेड लॉगची पद्धत तिथे चालतच नाही, कारण वाचणारे आणि लिहिणारा यांच्यातली देवाणघेवाण एकाच संगणकाच्या मेमरीतून होते. जुन्या पद्धतीतही नेटवर्कवरची कुलपं भरवशाची नसतात.

वेबसाइटसाठी एसक्यूलाइट कितपत चालतं? ते बनवणारे स्वतः म्हणतात की दिवसाला एक लाखाच्या आत हिट्स असलेल्या साइटला ते सहज पुरावं, आणि हा अंदाज सावधपणे दिलेला आहे. त्यांची स्वतःची वेबसाइट एसक्यूलाइटवरच चालते आणि दिवसाला चार-पाच लाख विनंत्या हाताळते. त्यातली बरीचशी पानं डेटाबेसला हात न लावताच जातात, हे खरं. तरी एखाद्या शाळेच्या, सोसायटीच्या किंवा दूध केंद्राच्या कामाला हा आकडा कधी शिवणारही नाही.

चालू करायचं तर

राइट-अहेड लॉग आपोआप चालू नसतो. आजही एसक्यूलाइटची मूळ पद्धत जुनीच, रोलबॅक जर्नलची आहे. ‘जर्नल मोड’ एकदा बदलला की ती निवड फाइलमध्येच नोंदली जाते, पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. अँड्रॉइडवर गुगलची ‘रूम’ लायब्ररी वापरणाऱ्या ॲपमध्ये बहुतेक फोनवर ही पद्धत आपसूक मिळते, फार कमी मेमरीचे फोन सोडून.

पद्धत बदलल्यावर फोल्डरमध्ये मूळ फाइलशेजारी आणखी दोन फाइली दिसू लागतात. एकीच्या नावाच्या शेवटी ‘वॉल’ असतं, ती लॉग. दुसरीच्या शेवटी ‘एसएचएम’, ती लॉगमध्ये कोणतं पान कुठे आहे याची सूची. सगळे प्रोग्राम नीट बंद झाले की शेवटचा जाणारा लॉगमधली पानं मूळ फाइलमध्ये बसवतो आणि या दोन्ही फाइली पुसून टाकतो. त्या दिसतायत म्हणजे काम चालू आहे, किंवा मागच्या वेळी संगणक अचानक बंद पडला.

बॅकअप घेणारे नेमके इथे फसतात. रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर मूळ फाइल तेवढी कॉपी करायची सवय असते, आणि बाजूची ‘वॉल’ फाइल फालतू समजून सोडली जाते किंवा जागा करायला पुसली जाते. सकाळपासूनच्या नोंदी त्या फाइलमध्ये असतात, मूळ फाइलमध्ये अजून गेलेल्याच नसतात. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून कॉपी घ्यावी, किंवा एसक्यूलाइटमध्येच असलेली बॅकअपची सोय वापरावी. ती काम चालू असतानाही लॉगमधल्या नोंदींसकट पूर्ण प्रत काढून देते.